ओलीवरचे पणजोबा

खरं म्हणजे भिंतीला ओल आली होती, एवढीच गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपत झिरपत ती दिवाणखान्याच्या भिंतीवर उतरली आणि वर्षभरात चांगली परातीएवढी झाली. आता ज्यांच्या घरात ही ओल आली, ते गृहस्थ नेमके पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात कारकून. गळतीच्या तक्रारीवर ‘मिळाली’ असा शिक्का मारण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. (स्वतःच्या ओलीची तक्रारही त्यांनी रीतसर दिली होती आणि स्वतःच तिच्यावर शिक्का मारला होता. पुढे तक्रारीचं काय होतं, हे इतर लोकांप्रमाणे त्यांनाही ठाऊक नव्हतं.)

कचेरीत त्यांना सगळे सेनापती म्हणत. अंगापिंडावरून म्हणावं तर वारा सुटला की ते फायलीचं कपाट धरून उभे राहत. नाव पडलं होतं छंदावरून. सेनापती जुन्या ऐतिहासिक युद्धपटांचे अस्सल फोटो जमवत. शूटिंग चाललेलं असताना एक वेगळा फोटोग्राफर बाजूला उभा राहून फोटो काढायचा आणि मग ते थिएटरच्या दारातल्या काचेच्या पेटीत टाचले जायचे, ते फोटो. नंतर छापलेल्या नकला त्यांना चालत नसत. अस्सल फोटो कसा ओळखायचा, तर पाठीवरून. पाठीवर स्टुडिओचा शिक्का हवा, पेन्सिलीने लिहिलेला नंबर हवा, कोपऱ्यात टाचणीची भोकं हवीत. त्यामुळे कुठलाही फोटो हातात आला की सेनापती आधी तो उलटा करत. पुढच्या बाजूला काय आहे ते सवडीने बघत, कधी कधी राहूनही जाई.

त्यातही त्यांचा जीव होता चुकीच्या फोटोंवर. म्हणजे ज्यात काहीतरी घोळ झालाय असे. तोफेवर ठेवलेला चहाचा थर्मास, किल्ल्यामागून डोकावणारा विजेचा खांब, मेलेला सैनिक डोकं खाजवतोय. असे फोटो स्टुडिओवाले पाठीवर लाल पेन्सिलीने फुली मारून रद्द करत, त्यामुळे ते दुर्मिळ. अशा तीनशे चौदा फोटोंनी त्यांचं कपाट भरलं होतं, आणि बायकोच्या साड्या त्याच कारणाने पलंगाखालच्या बॅगेत होत्या.

तर त्या रविवारी लेकीची होऊ घातलेली सासरची माणसं चहाला यायची होती. लेक अक्कलदाढ काढायला म्हणून गेली होती, ती दातांचा डॉक्टरच पसंत करून आली. मुलगा चांगला होता, हात हलका होता. फक्त त्याचे वडील निवृत्त मास्तर होते आणि तेसुद्धा इतिहासाचे. लेकीने आधीच बजावून ठेवलं होतं की मास्तरांना दोन गोष्टींची चीड आहे. एक खोटं बोलणं आणि दुसरे ऐतिहासिक सिनेमे. प्रत्येक सिनेमानंतर ते वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यातल्या चुका मोजून देत. एका लढाईची तारीख दडपून सांगितली म्हणून तीस वर्षांचा मित्र त्यांनी तोडला होता. तेव्हा बाबा, तुमच्या छंदाचं अवाक्षर काढू नका.

सेनापतींनी अवाक्षर न काढण्याचं कबूल केलं. पण ओल? बायको म्हणाली, कॅलेंडर लावा. सेनापतींना ते पटेना. लेकीचं सासर पहिल्यांदा घरी येणार आणि आपण भिंतीवर पंपाच्या कंपनीचं कॅलेंडर लावायचं? त्यांनी कपाट उघडलं आणि आपला सगळ्यात लाडका फोटो काढला. हा फोटो एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या दरवानाकडून त्यांनी नव्या कोऱ्या छत्रीच्या बदल्यात मिळवला होता. (छत्री बायकोची. ती बसमध्ये हरवली, असं घरात ठरलं होतं.) फोटोत सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घोडदळाचा एक अधिकारी होता. कानापर्यंत गेलेल्या मिशा, छातीभर दाढी, जरीकामाचा कोट, हातात उगारलेली तलवार. फ्रेममध्ये घातला आणि लावला, की ओल बरोब्बर झाकली गेली. सिनेमातला फोटो आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार, असा त्यांचा विचार होता. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात ते हेच, पण हे नंतर सुचतं.

मंडळी आली. मास्तर, त्यांची म्हातारी आई आणि डॉक्टर. डॉक्टरची आई काही वर्षांपूर्वी वारली होती, घरात चालायचं ते ह्या आजींचंच. आजींना मोतीबिंदू होता, ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं, त्यामुळे त्या आवाजाच्या दिशेने बघून हसत बसल्या. चहा आला, बिस्किटं आली. आणि मास्तर कप हातात घेऊन उठले ते थेट ओलीसमोर जाऊन उभे राहिले.

“काय करारी चेहरा आहे,” ते म्हणाले. “हे तुमच्या घराण्यातले का?”

सेनापतींच्या तोंडात त्या वेळी अख्खं बिस्किट होतं. त्यांनी नाही म्हणून मान आडवी हलवायला घेतली, पण मध्येच ठसका लागला आणि ती उभी हलली. एकदा नव्हे, चारपाचदा. एवढं झाल्यावरही पाणी पिऊन खुलासा करता आला असता. पण तेवढ्यात बायको ट्रे घेऊन आली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “ह्यांचे पणजोबा.”

सेनापतींनी बायकोकडे बघितलं. लेकीने आईकडे बघितलं. बायकोने साखर हवी का म्हणून आजींकडे बघितलं. त्यानंतरची पंधरा मिनिटं सेनापती आपल्याच घराण्याचा इतिहास पाहुण्याच्या तोंडून ऐकत होते. कोटावरून मास्तरांनी पलटण ओळखली, पलटणीवरून लढाई ओळखली, आणि लढाईवरून पणजोबा जखमी झाले असणार हेही ओळखलं. कुठे लागलं होतं, असं त्यांनी विचारलं. सेनापती गोंधळून म्हणाले, पाठीला. (त्यांना बापड्यांना पाठीशिवाय दुसरं काही सुचतच नसे.) मास्तर जरा गंभीर झाले. मग म्हणाले, शत्रूने मागून वार केला म्हणायचा. लेकीचं नाक पणजोबांवर गेलंय, असंही त्यांनी सांगितलं. आणि जाताना म्हणाले की ते सध्या जुन्या योद्ध्यांवर एक पुस्तिका लिहीत आहेत, तेव्हा पुढच्या रविवारी भिंग घेऊन येतो, फोटो फ्रेममधून काढून नीट बघू. कागदाला बोट लावलं की जुना कोणता आणि नवा कोणता हे मला कळतं.

दार लागलं आणि सेनापतींनी विचारलं, हे काय केलंस? बायको म्हणाली, मग काय सांगायला हवं होतं? माझा नवरा खोट्या लढायांचे फोटो जमवतो, आणि मी पलंगाखालून साड्या काढते? मास्तर तिथल्या तिथे चप्पल घालून निघाले असते. नवऱ्याच्या वेडापेक्षा खोटे पणजोबा परवडले.

लेक रडवेली झाली होती. तिचं म्हणणं, आत्ताच फोन करून खरं सांगा. बायकोचं म्हणणं, पहिल्याच भेटीत खोटं बोललेली माणसं म्हणून कायमचा शिक्का बसेल. दोघींचंही म्हणणं सेनापतींना पटलं. तो त्यांचा जुना दोष होता. मग लेक हळूच म्हणाली, “बाबा, मला तो खरंच आवडतो हो.”  त्यावर सेनापती उठून फोटोसमोर जाऊन उभे राहिले, आणि तेव्हा खरा घोटाळा त्यांच्या लक्षात आला.

कारण हा फोटो रद्द झाला होता तो उगीच नव्हे. तलवार उगारताना घोडेस्वाराची बाही कोपरापर्यंत घसरली होती आणि मनगटावर घड्याळ होतं. चांगलं पट्ट्याचं, ठसठशीत घड्याळ. ह्या घड्याळापायीच तर सेनापतींनी छत्री दिली होती! मास्तरांचा चष्मा जुना होता म्हणून पहिल्या दिवशी निभावलं. भिंगातून ते काटेसुद्धा वाचणार होते. शिवाय पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि लाल फुली होतीच.

तो आठवडा सेनापतींनी कसा काढला, ते त्यांनाच माहीत. कचेरीत त्यांनी एका तक्रारीवर दोनदा शिक्का मारला आणि एकीवर मारलाच नाही. घरी येऊन त्यांनी काचेवर काळा ठिपका देऊन बघितला. समोरून ठीक, पण जरा बाजूला सरकलं की घड्याळ हजर. नक्कल काढून लावावी, तर मास्तर कागदाला बोट लावणार. फोटो काढूनच टाकावा, तर खाली ओल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वरून न्हाणीघर. शेवटी शनिवारी दुपारी बायकोने त्यांच्यासमोर बारीक ब्रश आणि काळ्या शाईची बाटली ठेवली. जुन्या फोटोंवरचे ओरखडे सेनापती त्यानेच दुरुस्त करत. लेक दारात उभी राहून बघत होती.

सेनापतींनी हात धुतले. खिडकीजवळ बसले. आणि ज्या चुकीवर त्यांनी तीन वर्षं जीव लावला होता, तिच्यावर त्यांनी एकेक केसाएवढी रेघ ओढून बाही खाली आणायला सुरुवात केली. तासाभरात बाही मनगटापर्यंत आली आणि घड्याळ गेलं. काम सुंदर झालं होतं, ह्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. मग बायकोने खळ शिजवली आणि पाठीवर खाकी कागद चिकटवून टाकला. शिक्का गेला, नंबर गेला, लाल फुली गेली. सेनापती त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाले, “पाठ गेली.” लेकीने त्यांच्या पानात स्वतःच्या वाटचं गोड वाढलं. ते त्यांनी खाल्लं, पण चव लागली नाही.

रविवारी मंडळी परत आली. ह्या खेपेला आजींचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. सगळं कसं लख्ख दिसतंय, असं त्या पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत प्रत्येक वस्तूकडे बघून सांगत होत्या. मास्तरांनी फोटो खाली उतरवला. (ओल दिसली. बायकोने बिस्किटं पुढे केली.) फ्रेममधून काढला, कागदाला बोट लावलं, समाधानाने मान हलवली. मग भिंग धरलं आणि मिशीपासून सुरुवात केली. मिशी झाली, दाढी झाली, बटणं झाली. भिंग बाहीवर आलं. भिंग पुढे गेलं.

“अशी माणसं आता जन्माला येत नाहीत,” मास्तर म्हणाले. “आई, बघ. नजर बघ ह्यांची.”

आजींनी फोटो हातात घेतला. चष्मा वर केला. जवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.  मग त्यांनी सरळ सेनापतींकडे बघून विचारलं, “ह्यांचं घड्याळ कुठं गेलं?”

 सेनापतींना वाटलं, ह्या ऑपरेशनने माणसाला शाईच्या खालचंही दिसायला लागतं की काय!

मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, की आई, त्या काळच्या पलटणीत मनगटावर घड्याळं नव्हती. आजी म्हणाल्या, “नसतील. पण ह्यांच्या होतं. माझ्या वडिलांनी दिलेलं.”

मग हळूहळू जे बाहेर आलं ते असं. हे घोडेस्वार म्हणजे आजींचे कैलासवासी यजमान, मास्तरांचे सख्खे वडील. टपाल कचेरीतला गुळगुळीत दाढीचा, खाली मान घालून जाणारा माणूस. मास्तरांनी त्यांना आयुष्यात कधी मिशीत बघितलंच नव्हतं. तरुणपणी एकदा त्यांनी कचेरीत तापाची रजा टाकली आणि आठ दिवस सिनेमात लढाईला उभे राहिले. घोड्यावर बसता येत नव्हतं, म्हणून लाकडी ओंडक्यावर बसवलं होतं. दाढी चिकटवली ती तीन दिवस निघेना. घड्याळ काढून ठेवा म्हणाले, तर चोरीला जाईल म्हणून काढलं नाही. त्यापायी फोटोही रद्द आणि पडद्यावरूनही पत्ता कट. फोटो काढणाऱ्याने त्यांना एकदा तो दाखवला होता, तेव्हा आजी बरोबर होत्या. पुढे मुलगा इतिहासाचा मास्तर झाला, सिनेमांवर पत्रं लिहायला लागला, मग कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून दोघांनी गिळून टाकलं.

सेनापतींना आधी काहीच कळेना. मग एकदम कळलं, आणि ते जास्त वाईट होतं. आपण व्याह्यांच्या वडिलांना आपले पणजोबा केले होते! त्यांनी मनातल्या मनात नातं लावून बघितलं. पणजोबांचा मुलगा, म्हणजे हे समोरचे मास्तर, आपले चुलत आजोबा. त्यांचा मुलगा, म्हणजे होणारा जावई, आपला काका. आणि लेक लग्न करणार ती स्वतःच्या चुलत आजोबांशी. दातांचा डॉक्टरही बोटं मोजत होता. तो त्याच ठिकाणी येऊन पोचला असावा, कारण तो एकदम लेकीपासून थोडा सरकून बसला.

मास्तर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “पणजोबा,” ते सेनापतींना म्हणाले. “पाठीवर वार.”

“ओंडक्यावरून पडले होते,” आजी मध्येच म्हणाल्या. “पाठीला लागलं होतं खरंच.”

पण मास्तर ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. खोट्यावर उभं असलेलं घर, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं आणि कोपऱ्यातली आपली छत्री उचलली. लेक पांढरीफटक पडली. आणि सेनापती, जे कचेरीत कोणाशी वर मान करून बोलले नव्हते, ते दार अडवून उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांनी छंद सांगितला, कपाट सांगितलं, बिस्किट सांगितलं, ठसका सांगितला. मुलीचा ह्यात काही दोष नाही, ती खरं सांगा म्हणत होती, असं तीनदा सांगितलं. ओघात बायकोची छत्रीही सांगून टाकली. बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की छत्रीचा निकाल पाहुणे गेल्यावर लागणार, हे सगळ्यांना समजलं.

मास्तर तरीही सेनापतींना वळसा घालून निघाले होते. तेव्हा आजी म्हणाल्या, “बस खाली. ही माणसं आठ दिवस खोटं बोलली, मी चाळीस वर्षं बोलले. मोडायचं असेल तर आधी माझ्याशी मोड.”

 मास्तरांनी छत्री परत कोपऱ्यात ठेवली, खुर्चीत बसले आणि आईच्या हातातला फोटो घेतला. ह्या खेपेला भिंग लावलं नाही. “बाबा ओंडक्यावर बसले होते?” त्यांनी विचारलं. आजी हो म्हणाल्या. मास्तरांना आधी हसू आलं की आधी डोळ्यांत पाणी आलं, हे सेनापतींना काही नीट दिसलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं. थोड्या वेळाने मास्तरांनी चहा मागितला, आणि लेक स्वयंपाकघरात पळाली.

लग्न ठरलं. फोटो अर्थातच आजींचा झाला. त्यांनी एकच अट घातली, घड्याळ परत आणून द्या. सेनापतींनी ओल्या कापसाने रात्रंदिवस नव्हे, पण रोज कचेरीतून आल्यावर तासतासभर शाई टिपली. बाही वर गेली, पट्टा आला, तबकडी आली, फक्त काटे पुसले गेले. त्यांनी जीव मुठीत धरून हे आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, असू दे, तसंही ते कधी चाललंच नाही.

आता भिंतीवर परत ओल, आणि लग्नाची माणसं यायला लागणार. ह्या वेळी आपण काही सुचवायचं नाही, असं सेनापतींनी ठरवलं होतं. बायको पलंगाखालच्या बॅगेतून एक फोटो काढून घेऊन आली आणि म्हणाली, हा लावा, मापाला बरोबर बसतोय. सेनापती तेव्हा तीनशे तेरा फोटोंची यादी नव्याने करत होते. त्यांनी सवयीप्रमाणे तो उलटा केला आणि पाठ तपासली. शिक्का नाही, नंबर नाही, टाचणीचं एक भोक नाही.

“हा कसला लावायचा?” ते मान न उचलता म्हणाले. “ह्यात काही दम नाही. अस्सल वाटत नाही, आणि चूकही नसणार ह्यात काही.”

बायकोने शांतपणे त्यांच्या हातातला फोटो सुलटा केला. त्यांच्या लग्नातला होता.

“अस्सल आहे,” ती म्हणाली. “आणि चूकही आहे. नीट बघा, माझ्या शेजारीच उभी आहे.”